उललेला तळ

ही गोष्ट मी सात वर्षं टाळली. घरात त्या डिसेंबरचा विषय निघाला की मी चष्मा पुसायला घेतो, नाहीतर चहा टाकायला उठतो. सुनेला वाटतं, नातीच्या पडण्याची आठवण मला सोसत नाही. आल्यागेल्यालाही ती तसंच सांगते, "बाबा फार हळवे आहेत हो." मी तिला ते सांगू देतो.

मी हळवा वगैरे नाही. जे खरं आहे ते एका ओळीत मावतं. नातीच्या स्कीचा तळ माझ्या व्याह्यांनी बिघडवला नव्हता. तो मी बिघडवला, आणि दोष त्यांच्या नावावर राहू दिला. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि ते गेले. आणखी थांबलो तर हे सांगणारा कोणीच उरणार नाही.

मला सिंगापूरला येऊन चौतीस वर्षं झाली. बँकेतली नोकरी इथेच संपली, बायको इथेच गेली. ती गेली तेव्हा नात चार वर्षांची होती. मुलगा आणि सून दोघंही वन-नॉर्थला नोकरीला, सकाळी आठला घर सोडायचे. वुडलँड्सच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर मी आणि ती. तिला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, आणणं, पोहायला नेणं, लायब्ररीत नेणं, सगळं मी केलं. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, फाटकावर कार्ड कसं टेकवायचं ते तिला मी उचलून घेऊन शिकवलं. हे उपकार म्हणून सांगत नाही. ती माझी आहे अशी माझी समजूत कशी झाली होती, ते कळावं म्हणून सांगतो.

ती नऊ वर्षांची असताना सुनेची आई वारली आणि सुनेने वडिलांना इथे बोलवायला सुरुवात केली. वर्षातले पाच-सहा महिने ते आमच्याकडे असायचे. मूळचे चिपळूणचे, पण उभी हयात पुण्याजवळच्या एका कारखान्यात फिटर म्हणून काढलेली. अंगाने किरकोळ, बोटं मात्र जाड, नखं चौकोनी. नात त्यांना नाना म्हणायची, मला आबा. पहिल्या वर्षी मला त्यांचं काही वाटलं नाही. बिचारे एकटे आहेत, असं मी मुलाला म्हणालोही. एखाद्याला बिचारा म्हणता येतं तोवर बरं चाललेलं असतं.

दुसऱ्या वर्षी स्की आल्या.

मुलगा, सून आणि नात दर डिसेंबरला जपानमध्ये होक्काइदोला बर्फात जायचे. सुनेच्या ऑफिसातलं एक जोडपं देश सोडून निघालं, त्यांच्या मुलीची स्कीची जोडी आमच्याकडे आली. बर्फ नसलेल्या बेटावर बर्फाच्या दोन लांब पट्ट्या. त्या ठेवल्या बॉम्ब शेल्टरमध्ये. इथल्या नव्या फ्लॅटांमध्ये जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक बारकी खोली असते. बॉम्ब पडले तर आत जाऊन बसायचं म्हणून बांधलेली. ते पडत नाहीत, म्हणून लोक तिच्यात तांदूळ, बॅगा आणि बिघडलेले पंखे ठेवतात. आठ-दहा महिन्यांत आमच्या स्कीच्या कडांना तांबूस गंज चढला. सून म्हणाली, "द्या टाकून, तिकडे भाड्याने मिळतात."

"टाकून काय द्यायचं?" नाना ताटावरून म्हणाले. "चांगल्या फळ्या आहेत. मी बघतो."

"नाना, तुम्ही आयुष्यात बर्फ पाहिलाय का?" मी विचारलं.

"फ्रिजमध्ये पाहिलाय की." सगळे हसले. मीही हसलो, पण ते त्यांच्या बोलण्याला हसले आणि माझं बोलणं तसंच पडून राहिलं, हे माझ्या लक्षात आलं.

एका औद्योगिक इमारतीत स्कीची डागडुजी करणारं छोटं दुकान आहे. नाना बस बदलून तिथे गेले. दुकानदार चिनी, त्याला मराठी येण्याचा प्रश्न नाही, नानांचं इंग्रजी थँक्यूच्या पुढे जात नाही. तीन दुपारी ते नुसते बसून त्याचे हात बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्या माणसाने त्यांना कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजली, त्यांच्या हातात मेण वितळवायची इस्त्री दिली आणि स्वतः बाजूला उभा राहिला. हे त्यांनी संध्याकाळी सांगितलं तेव्हा मी मनात हिशेब केला, पंचवीस वर्षांत इथल्या एकाही दुकानदाराने मला कोपी पाजलेली नाही.

मग आमच्या बॉम्ब शेल्टरमध्ये नानांचं वर्कशॉप सुरू झालं. दोन प्लास्टिकच्या स्टुलांवर फळी उलटी, तळ वर. एक जुनी इस्त्री, फळी बर्फावर सरकावी म्हणून तळाला लावायच्या मेणाच्या वड्या, खरवडायची पट्टी, ब्रश. आणि शेजारी माझी नात, मांडी घालून.

मला ते सगळं दिवाणखान्यातल्या खुर्चीतून ऐकू यायचं. पेपर हातात असायचा. वाचत मी काही नसायचो.

"डोळे मीट," नाना म्हणायचे. "हात फिरव. काय लागतंय?"

"स्मूद."

"मध्ये स्मूद. आता कडेला ये. पायाच्या खाली जिथे येतं तिथे."

"इथे... ड्राय लाह." लाह हे इथल्या इंग्रजीचं शेपूट.

"ड्राय नाही. उललाय."

"व्हॉट इज उललाय?"

"थंडीत ओठ उलतात ना? पांढरे पडतात, खरखरतात. तसं. डोळे उघड. बघ, काळ्यावर पांढरट दिसतंय की नाही?"

"थंडी कुठे आहे इथे, नाना!"

"नाही ना? मग फळीकडून शीक."

ती खिदळली. मी पेपराची घडी केली आणि पुन्हा उलगडली.

तळाला मेण कधी लागतं हे ओळखायच्या त्यांच्या तऱ्हा मला अजून पाठ आहेत. एक म्हणजे तो पांढरटपणा, आधी कडांना येतो आणि मग आत सरकतो. दुसरी, पाण्याचा थेंब. मेण असलेल्या तळावर थेंब गोल उभा राहतो, उललेल्यावर पसरतो. मग नख आडवं ओढायचं. नख कुठे अडलं तर चरा आहे, आणि चऱ्यातून आतला थर दिसायला लागला तर आपलं काम संपलं, दुकानदाराचं सुरू झालं. शेवटी फळी बाहेर आणून स्टीलची पट्टी तळावर आडवी उभी धरायची आणि खिडकीकडे तोंड करून तिच्याखालून बघायचं. उजेडाची रेघ कुठे जाड, कुठे बारीक दिसली तर तळ सपाट राहिलेला नाही. ही शेवटची तऱ्हा त्यांची कारखान्यातली. "उजेड खोटं बोलत नाही," असं ते म्हणायचे. फिटर माणूस, त्यांच्या तोंडी ते शोभायचं. मी म्हणालो असतो तर भाषण वाटलं असतं.

मला खरा काटा टोचला तो एका अक्षराचा. रविवारी सकाळी मी नातीला मराठी शिकवायचो. पाटी आणली होती, चित्रांचं पुस्तक आणलं होतं. तीन वर्षं मी तिच्याकडून ळ म्हणून घ्यायचा प्रयत्न केला. कमळ, बाळ, केळं. ती कमल, बाल, केलं म्हणायची आणि "आबा, सेम सेम लाह" म्हणून निघून जायची. आणि एका दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या मी ऐकलं, "नाना, हा तळ उललाय, पण तो तळ ओके आहे." तळ. जीभ वर टाळूला लावून, स्वच्छ, कोकणातल्या माणसासारखा. मी उठून दारात गेलो.

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"काय? तळ?"

"केळं म्हण बघू."

"केलं," ती म्हणाली, आणि नानांकडे बघून हसली.

नाना म्हणाले, "अहो व्याहीबुवा, येईल तेही. आधी तळ पक्का होऊ दे." त्यांनी ते मायेने म्हटलं होतं. मला मात्र ते माझ्या घरात मला दिलेल्या सवलतीसारखं वाटलं.

त्यानंतर तो शब्द आमच्याकडे मोकाट सुटला. खोडरबर उललं, डोसा उलला, बाईंचा मूड उलला. एकदा लिफ्टमध्ये तिने शेजारच्या चिनी मैत्रिणीला इंग्रजीत सांगितलं, माझ्या स्की उलल्यात, आजोबा इस्त्री करणार आहेत. मैत्रीण माझ्याकडे बघून म्हणाली, "वाह, अंकल, सो क्लेव्हर!" नात घाईने म्हणाली, "नो नो, नॉट धिस वन. द अदर वन." मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिलो. बारावा मजला यायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं.

आणि मग टाचांची गंमत. माझ्या टाचा आयुष्यभर फुटलेल्या. पुण्यात थंडीत फुटायच्या, इथे बिनथंडीच्या फुटतात. त्यांना मी कोकम तेल लावतो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हे नावाला तेल, असतं घट्ट. कोकमाच्या बियांपासून काढतात आणि मुठीने वळून गोळा करतात. पिवळट, मेणासारखा गोळा, घासला की अंगाच्या उबेने वितळतो. माझी बायको कोकणातली. तिने आणलेल्या गोळ्यांतला शेवटचा मी पुरवून पुरवून वापरत होतो. एके संध्याकाळी मी सोफ्यावर पाय घेऊन तो गोळा घासत बसलो होतो. नात आली, तिने माझी टाच बघितली आणि आत ओरडली, "नाना! आबाच्या टाचा पण उलल्या! आयर्न घेऊन या!"

मुलगा हसला, सून पदराआड हसावं तसं ओढणीआड हसली. नाना हातात इस्त्री घेऊन खरंच दारात आले आणि म्हणाले, "यांना शंभर डिग्री लागेल." मी पण हसलो. असं हसताना गालाला किती कष्ट पडतात ते वेगळं सांगायला नको.

चौथ्या वर्षी नात बारा वर्षांची होती. सप्टेंबरात नानांनी जोडीला मेण लावलं, खरवडलं, ब्रश फिरवला, तळ आरशासारखा काळा केला. ऑक्टोबरात चिपळूणहून निरोप आला, त्यांचे थोरले भाऊ आजारी होते. ते निघाले. नातीचा सराव मात्र चालूच राहणार होता. इथे एक जागा आहे, उतारावर ओला गालिचा फिरत राहतो, त्यावर मुलं स्की करायला शिकतात.

दारात बूट घालताना नाना मला म्हणाले, "तो गालिचा मेण खातो. निघायच्या आधी आठ दिवस तळ बघा. उललेला दिसला की सरळ दुकानात द्या, तो माणूस करून देईल. तुम्ही दुसरं काही लावू नका हं, व्याहीबुवा."

शेवटचं वाक्य नसतं बोलले तर बरं झालं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते योग्य तेच बोलले होते.

नोव्हेंबरच्या शेवटी, दुपारी घरात कोणी नव्हतं तेव्हा मी लोखंडी दार उघडलं. फळी बाहेर खिडकीपाशी आणून स्टुलांवर उलटी ठेवली, उजेडाकडे तोंड केलं. कडांना हातभर लांब पांढरा पट्टा होता. बोट फिरवलं, खरखरलं. स्वयंपाकघरातून चमच्यात पाणी आणून थेंब टाकला, तो पसरला. तळ उललेला होता. मला अगदी स्वच्छ कळलं, आणि ते मला कळलं म्हणून आनंदही झाला. बाजूच्या खोलीत बसून मी सगळं शिकलो होतो.

दुकानात नेणं अवघड नव्हतं. लांब पिशवी घेऊन दोन बस, एवढंच. पण मग काय झालं असतं? नाना म्हणाले म्हणून आबा घेऊन गेले. बर्फावर फळी चांगली सरकली असती तर नानांचं डोकं, दुकानदाराचे हात. मी हमाल. मला त्या फळीवर माझं काहीतरी हवं होतं.

उललं की कोकम तेल. माझ्या आईने ओठांना लावलं, बायकोने टाचांना लावलं. शब्द तोच होता. मी गोळा आणला आणि घासायला लागलो. फळीला अंगाची ऊब नसते, म्हणून आधी केस वाळवायच्या यंत्राने ती गरम केली. मग तो असा सरसर वितळून बसला की बघत राहावं. पांढरा पट्टा गेला. तळ काळाभोर, तुकतुकीत. चार बोटांनी जिरवला, जुन्या बनियनने पुसला, दुसरी फळी घेतली. बायकोचा शेवटचा गोळा संपला. मला वाटलं, तिचाही हात लागला.

नानांच्या पद्धतीने बघितलं असतं तर नख ओढल्यावर नखात चिकट साय आली असती. मी नख ओढलं नाही.

संध्याकाळी नात आली. "आबा, तळ बघितला? उललाय?"

"नाही. मस्त आहे."

तिने हात फिरवला. "वाह, अजून नानांचं वॅक्स आहे?"

"असेल," मी म्हणालो.

मी केलंय हे तेव्हाच सांगितलं नाही, त्याचं कारणही लिहितो. ती परत आली की सांगणार होतो. ती म्हणणार, आबा, या वर्षी काय मस्त गेल्या स्की. मग मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणणार, अगं, तो तळ उलला होता, मीच केला. ते वाक्य मी त्या आठवड्यात बऱ्याचदा मनात म्हणून बघितलं.

ते होक्काइदोला गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मागे दवाखान्याचा पडदा होता. उतारावर फळी एकदम धरल्यासारखी अडली आणि नात पुढे फेकली गेली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं, गुडघा सुजून फुटबॉल झाला होता. "तिकडच्या दुरुस्तीवाल्याने तळ बघितला," मुलगा म्हणाला. "म्हणतो, कोणीतरी भलतंच काहीतरी लावलंय. चिकट. सगळा कचरा धरून बसलंय, बर्फ पण धरत होतं. बाबा, नानांनी सप्टेंबरात काय लावलं होतं?"

पडद्यावर मागे नात दिसत होती, हात छातीशी धरलेला, गाल रडून लाल.

"मला काय माहीत?" मी म्हणालो. "त्यांचं ते जाणोत."

एवढंच बोललो. खोटं असं त्यात काही नव्हतंच, म्हणून ते जास्त घाणेरडं होतं.

सुनेने चिपळूणला फोन लावला. मी ते सगळे परत आल्यावर ऐकलं. ती चिडून, रडून बोलली होती, आणि नाना म्हणाले होते, "माझंच चुकलं असेल गं. मेण जुनं असेल. आता नजर पण कमी झालीय." भाऊ आजारी, त्यात हे. सून मला म्हणाली, "एवढा भरवसा ठेवायला नको होता आपण." मी मान हलवली. आणि इथे मला सगळ्यात जास्त लाज वाटते ते कबूल करतो. त्या क्षणी भीतीच्या खाली कुठेतरी मला बरं वाटलं.

फेब्रुवारीत नाना आले. मनगटाचं प्लास्टर निघालं होतं, गुडघ्याला पट्टा होता. नातीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. ती समोरून येत-जात होती, रागावलेली नव्हती, पण पूर्वीसारखी त्यांच्या स्टुलाशी बसलीही नाही. दुसऱ्या दिवशी ते बॉम्ब शेल्टरमध्ये गेले. सून मागून म्हणाली, "नाना, आता राहू दे. तुम्ही हात नका लावू."

"लावत नाही. बघतो फक्त."

मी बाहेरच्या बोळात उभा होतो. अनवाणी. त्यांनी फळी उलटी केली, नख आडवं ओढलं, नखात आलेलं बोटांत चोळलं. मग बोटं नाकाशी नेली. कोकम तेलाला वास फार मंद असतो, पण ते चिपळूणचे होते. मग मान वळवून त्यांनी बघितलं, माझ्या तोंडाकडे नाही. माझ्या टाचांकडे.

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय आहे हो ते?"

"मेण," नाना म्हणाले. "जुनं झालेलं. माझंच."

त्यांनी सगळा तळ खरवडून, पुसून कोरडा केला. त्याला त्यांना तास लागला. मग इस्त्री, ब्रश आणि उरलेल्या वड्या एका पिशवीत भरून त्या दुकानदाराला देऊन आले. स्की सुनेने कोणालातरी दिल्या. त्या खेपेला ते आमच्याकडे चार महिने होते. खिडकीशी बसायचे. पेपर हातात असायचा, आणि पान उलटलेलं मी बघितलं नाही. मला ते बसणं ओळखीचं होतं.

नातीने उललाय म्हणणं सोडलं. ळ पण हळूहळू गेला. रविवारच्या पाटीवर ती परत आली नाहीच. मला जे हवं होतं त्यातलं काही माझ्याकडे आलं नाही, फक्त त्यांच्याकडचं गेलं.

पुढच्या वर्षी ते आले तेव्हा बॅगेतून सगळ्यांच्या वस्तू काढल्या. नातीला खाजा, मुलाला फणसपोळी, सुनेला कुळथाचं पीठ. शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं. उलगडलं तर कोकम तेलाचे दोन गोळे.

"तुमचं संपलं असेल ना," ते म्हणाले. "टाचांसाठी हं, व्याहीबुवा." आणि डोळे बारीक करून हसले. त्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं. दार उघडून धरल्यासारखे ते समोर उभे होते. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

"थँक्यू," मी म्हणालो. नात शेजारी खाजा खात होती.

त्यानंतर त्यांना प्रवास झेपेना. ऐकूही कमी यायला लागलं. महिन्यातून एकदा सून फोन लावून माझ्या हातात द्यायची, "बाबा, नानांशी बोला." मागच्या वर्षी एका रविवारी मी ठरवून फोन घेतला आणि गॅलरीत गेलो.

"व्याहीबुवा, मला एक सांगायचंय," मी म्हणालो. "त्या फळ्यांचं."

"काय? कसल्या नळ्या?"

"फळ्या! स्कीच्या! तो तळ मी..."

"ऐकू येत नाही हो! मोठ्याने बोला की!"

मागे वळून बघितलं. काचेच्या दारापलीकडे मुलगा, सून आणि नात जेवायला बसले होते. मोठ्याने बोललो असतो तर तिघांनाही ऐकू गेलं असतं.

"काही नाही!" मी ओरडलो. "पाऊस पडतोय इकडे!"

"अरे वा! इकडे पण!" ते म्हणाले.

दोन महिन्यांनी ते गेले.

नात आता एकोणीस वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात ती स्वयंपाकघरात माझ्याशेजारी उभी होती. चहा उतू जाऊ नये म्हणून बघता बघता सहज म्हणाली, "आबा, नाना वॉज सो केअरफुल. तेव्हा हाऊ कम असं झालं?"

सात वर्षांनी कोणीतरी प्रश्न विचारला होता, आणि नेमका मला.

"वय झालं होतं त्यांचं," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि गॅस बंद केला. मी माझ्या खोलीत आलो आणि कपाट उघडलं. त्या दोन गोळ्यांतला एक अजून त्या वर्तमानपत्रात तसाच आहे, त्याला मी हात लावलेला नाही. त्याच्याशेजारी बसून हे लिहायला घेतलं. लिहून झालं की पहिल्यांदा तिला वाचायला देणार आहे. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. मी वाचून दाखवीन, मोठ्याने, दार उघडं ठेवून.

आणि जे गॅलरीत ओरडायला हवं होतं ते हे. व्याहीबुवा, तळ उललेला मला दिसला होता. तुम्ही लावू नका म्हणालात तेच मी लावलं, कारण तिने तुमच्यासारखं माझ्याशेजारी बसावं असं मला वाटत होतं. तुमचं मेण चांगलं होतं. तुमची नजर चांगली होती. चुकलं ते माझं. मला माफ करा.